वजन, निद्रा आणि स्त्रियांची एक अबोल व्यथा

सर्दी झाली, गुडघा दुखूं लागला किंवा डोळ्यांपुढें अंधारी आली, तर घरांतील स्त्री तें चारचौघींत सांगते आणि शेजारीणही तिला एखादा काढा सुचविते. परंतु खोकला आला असतां वस्त्र ओलें झालें, किंवा न्हाणीघरापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच धीर सुटला, ही गोष्ट ती सख्ख्या बहिणीजवळही बोलत नाहीं. बोलण्याऐवजीं ती आपले दिवसच आंखून घेते. प्रवासाच्या आदल्या रात्रीपासून पाणी तोडते. कीर्तनाला गेली तर दाराजवळची जागा धरते. लग्नसमारंभांत गडद रंगाचीच साडी नेसते. आणि नातवंडाला उचलून घेण्याचें टाळते. घरांतल्या माणसांना एवढेंच दिसतें कीं, हिला अलीकडे कोठें जावेंसें वाटत नाहीं.

ही व्यथा कोणा एका देशाची वा एका थराची नाहीं. नॉर्वे देशाच्या एका प्रांतांत १९९५ ते १९९७ या काळांत २७,९३६ स्त्रियांची पाहणी झाली. वीस वर्षांवरील त्या स्त्रियांपैकीं शेंकडा २५ जणींना मूत्र अनावर होण्याचा अनुभव होता. आणि अशा स्त्रियांपैकीं सुमारें चौथ्या हिश्शानेंच डॉक्टरांचा सल्ला घेतलेला होता. वैद्यकीय सोय दाराशीं असलेल्या देशांतही चौघींपैकीं तिघी गप्प राहिल्या, तर आपल्याकडील मौनाचें नवल तें काय? या मौनाच्या मुळाशीं दोन समजुती आहेत. बाळंतपणें झालीं कीं हें व्हावयाचेंच, ही एक. आणि वय झालें कीं हें सोसावयाचेंच, ही दुसरी. दोहोंतही सत्याचा अंश आहे. परंतु झालेलें बाळंतपण परत घेतां येत नाहीं आणि वय मागें नेतां येत नाहीं. म्हणून विचार या दोन कारणांपाशीं थांबला कीं उपायही तेथेंच थांबतो. शरीराचें वजन आणि रात्रीची झोंप हीं मात्र अशीं दोन कारणें आहेत कीं, त्यांच्यापर्यंत माणसाचा हात पोहोंचूं शकतो.

प्रथम मूत्राशयाचें काम कसें चालतें तें पाहिलें पाहिजे. मूत्राशय ही स्नायूंची एक लवचिक पिशवी आहे. ती मूत्रानें हळू हळू भरत जाते. निम्मी भरण्याच्या सुमारास पहिली जाणीव होते. आणि सामान्यतः चारशें ते पांचशें मिलिलिटर मूत्र तींत मावतें. पिशवीच्या तोंडाशीं मिटून राहणारा एक स्नायू असतो. आणि या सर्वांना खालून तोलून धरणारी, पुढील हाडापासून माकडहाडापर्यंत बांधलेली स्नायूंची एक झोळी असते. बाळाची झोळी जशी चारही बाजूंनीं ताणून बांधलेली असते, तशीच ही ओटीपोटाच्या तळाची झोळी मूत्राशय, गर्भाशय आणि गुदमार्ग यांचा भार सांभाळते.

मूत्र अनावर होण्याचे मुख्य प्रकार दोन आहेत. खोकतांना, शिंकतांना, हसतांना किंवा भरलेली बादली उचलतांना पोटांतील दाब एकदम वाढतो आणि सैलावलेली झोळी त्या दाबापुढें हार खाते. ही दाबाची गळती होय. दुसऱ्या प्रकारांत मूत्राशयाचा स्नायू पिशवी पुरती भरण्यापूर्वींच आकुंचन पावूं लागतो. लघवीची अशी घाई होते कीं दाराची कडी काढीपर्यंत निभाव लागत नाहीं. ही घाईची गळती होय. कित्येक स्त्रियांना दोन्ही प्रकारांचा त्रास असतो. हा भेद नीट ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. कारण वजनाचा संबंध विशेषेंकरून पहिल्या प्रकाराशीं येतो, तर झोंपेचा संबंध रात्रीच्या लघवीशीं आणि रात्रीच्या घाईशीं येतो.

वजनाचें गणित सरळ आहे. पोटावर जी चरबी सांचते तिचा भार अहोरात्र खालच्या झोळीवर पडतो. उभें राहतांना, चालतांना, जिना चढतांना तो भार सुटत नाहीं. खोकल्याचा एक झटका सशक्त झोळी सहज पेलते. परंतु आधींच ताणलेल्या झोळीला तोच झटका जड जातो. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गानें भागलें असतां जो आंकडा येतो त्यास बॉडी मास इंडेक्स असें म्हणतात. अनेक देशांतील अभ्यासांचा निष्कर्ष असा कीं, हा आंकडा पांचांनीं वाढला तर मूत्र अनावर होण्याचा संभव शेंकडा २० ते ७० इतका वाढतो. उंची १५५ सेंटिमीटर असलेल्या स्त्रीच्या बाबतींत हे पांच अंक म्हणजे सुमारें १२ किलो वजन होय. लग्नाच्या वेळचें वजन आणि पन्नाशीचें वजन यांत एवढें अंतर पडणें शहरी कुटुंबांत मुळींच दुर्मिळ नाहीं.

परंतु वजन वाढल्यानें विकार वाढतो एवढ्यावरून, वजन उतरल्यानें तो उतरेलच असें अनुमान काढतां येत नाहीं. तें प्रत्यक्ष पडताळून पाहावें लागतें. आणि तसें तें पाहिलें गेलें. अमेरिकेंत र्‍होड आयलंड आणि अलाबामा या दोन संस्थानांत ३३८ स्थूल स्त्रियांवर झालेला प्रयोग २००९ सालीं प्रसिद्ध झाला. प्रत्येकीला आठवड्यांतून निदान दहा वेळां गळतीचा त्रास होता. त्यांपैकीं २२६ जणींना सहा महिने आहार, चालण्याचा व्यायाम आणि संवयी बदलण्याचें शिक्षण दिलें गेलें. उरलेल्या ११२ जणींना केवळ चार माहितीपर व्याख्यानें ऐकविलीं. पहिल्या गटाचें वजन सरासरीनें ७.८ किलो, म्हणजे शेंकडा ८, उतरलें; दुसऱ्याचें दीड किलो. पहिल्या गटांतील गळतीचे प्रसंग शेंकडा ४७ नीं घटले. दुसऱ्यांत शेंकडा २८ नीं.

या आंकड्यांत शिकण्यासारख्या तीन गोष्टी आहेत. पहिली अशी कीं, लाभ मिळविण्यासाठीं या स्त्रियांना सडपातळ व्हावें लागलें नाहीं. त्यांचें आरंभींचें वजन सरासरीनें ९७ किलोंच्या आसपास होतें; आठ किलो उतरल्यावरही त्या स्थूलच होत्या. तरी त्रास जवळ जवळ निम्म्यावर आला. दुसरी अशी कीं, ज्यांचें वजन विशेष उतरलें नाहीं त्यांनाही बराच गुण आला. कारण दोन्ही गटांना मूत्रावर ताबा मिळविण्याच्या उपायांची पुस्तिका दिलेली होती. तेव्हां वजन उतरेपर्यंत दुसरे उपाय थांबवून ठेवण्याचें कारण नाहीं. आणि तिसरी गोष्ट अशी कीं, दोन गटांतील फरक दाबाच्या गळतींत स्पष्ट दिसला. घाईच्या गळतींत तसा ठाम दिसला नाहीं. वजन ही सर्व कुलुपांची किल्ली नव्हे. कृश स्त्रियांनाही हा विकार होतो. म्हणून स्थूल स्त्रीला दोष देण्याचें साधन म्हणून या माहितीचा उपयोग कोणीं करूं नये.

आतां झोंपेकडे वळलें पाहिजे. निरोगी तरुण माणसाचें मूत्रपिंड रात्रीं आपलें काम मंद करतें. मेंदूच्या तळाशीं असलेल्या ग्रंथींतून व्हॅसोप्रेसिन नांवाचा अंतःस्राव रात्रीं अधिक प्रमाणांत सुटतो आणि मूत्रपिंडाला पाणी राखून ठेवण्यास सांगतो. म्हणूनच सात तास झोंपणारा माणूस दिवसा सात तास लघवी रोखूं शकत नाहीं, पण रात्रीं त्याला त्याचें कष्ट पडत नाहींत. वय वाढतें तशी ही व्यवस्था क्षीण होते. शिवाय दिवसभर ओट्यापाशीं किंवा वर्गांत उभें राहणाऱ्या स्त्रीच्या पायांत संध्याकाळपर्यंत पाणी उतरतें. पाठ टेकली कीं तें पाणी रक्तांत परततें आणि मूत्रपिंडाकडे जातें. रात्रीं दोन वेळां उठावें लागलें तर ती स्त्री मूत्राशयाला दोष देते. वस्तुतः मूत्राशयानें आपल्याकडे आलेलें पाणी बाहेर टाकण्यापलीकडे कांहींच केलेलें नसतें.

याहून विलक्षण अशी दुसरी एक वाट आहे आणि तेथेंच वजन व निद्रा यांची गांठ पडते. स्थूल माणसाच्या गळ्याभोंवतीं आणि जिभेच्या मुळाशीं चरबी सांचते. झोंपेंत स्नायू सैल पडले कीं श्वासाची वाट अरुंद होते. घोरणें सुरू होतें. आणि मधून मधून ती वाट कांहीं सेकंद अजिबात मिटते. यास स्लीप ॲप्निया म्हणतात. त्या क्षणीं छाती हवा आंत ओढूं पाहते, पण हवा येत नाहीं. त्या निष्फळ ओढीमुळें हृदयाकडे अधिक रक्त खेंचलें जातें आणि हृदयाच्या वरच्या कप्प्याची भिंत ताणली जाते. शरीरांत पाणी अधिक झालें, अशी हृदयाची समजूत होते. कॅनडांतील किंग्स्टन येथें आडॉल्फो डी बोल्ड आणि त्यांचे सहकारी यांनीं १९८१ सालीं असें दाखविलें कीं, उंदराच्या हृदयाच्या या कप्प्याचा अर्क दुसऱ्या उंदराला टोंचला असतां त्याच्या मूत्रांतून मीठ आणि पाणी झपाट्यानें बाहेर पडूं लागतें. हृदय हें केवळ रक्त फेंकणारें यंत्र नसून मूत्रपिंडाला निरोप धाडणारी ग्रंथीही आहे, हें त्यावरून उघड झालें. स्लीप ॲप्नियांत हाच निरोप रात्रभर जात राहतो, आणि ज्या वेळीं मूत्र कमी व्हावयाचें त्याच वेळीं तें अधिक होतें.

अशा स्त्रीला जाग येते ती खरोखर श्वास अडल्यामुळें. परंतु जाग आल्यावर पहिली जाणीव होते ती भरलेल्या मूत्राशयाची. आणि ‘लघवीमुळें झोंप मोडली’ असें ती प्रामाणिकपणें समजते. १९९६ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत निद्रापरीक्षेच्या यंत्रांनीं हीच चूक दाखवून दिली. रोगी ज्या जागृतीचें खापर लघवीवर फोडीत होते तिचें कारण बहुतेक वेळां श्वासाचा अडथळा हें होतें. स्त्रियांच्या बाबतींत हें अधिकच झांकलेलें राहतें. घोरणें हें बाईमाणसाला शोभत नाहीं या भावनेनें घरांतील कोणी तें बोलून दाखवीत नाहीं. आणि सकाळचें डोकें दुखणें, दिवसभराची मरगळ, दुपारीं डोळा लागणें, ही सर्व लक्षणें ‘कामाचा शीण’ या एका शब्दांत गुंडाळलीं जातात. या विकाराची परीक्षा आज मोठ्या शहरांतून होते. झोंपतांना नाकावर मुखवटा लावून सौम्य दाबाची हवा सोडणाऱ्या यंत्रानें श्वास मोकळा राहतो, आणि त्याबरोबर पुष्कळांचें रात्रीचें उठणेंही कमी होतें. मूत्राशयाला औषध न देतां मूत्राशयाची तक्रार मिटते, ती अशी.

मोडलेली झोंप पुन्हां वजनाकडे वळते, हें या चक्राचें उरलेलें टोंक होय. झोंप अपुरी पडली कीं भूक वाढते. शिकागो येथें २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत, साडेसहा तासांहून कमी झोंपणाऱ्या ८० स्थूल तरुण स्त्रीपुरुषांपैकीं कांहींना झोंपेचा वेळ वाढविण्यास शिकविलें. त्यांची झोंप सरासरीनें सव्वा तासाच्या आसपास वाढली. आणि आहाराविषयीं कसलीही सूचना दिलेली नसतां त्यांचें दिवसाचें खाणें दुसऱ्या गटाच्या तुलनेनें सुमारें २७० कॅलरींनीं कमी झालें. म्हणजे रात्रीचें जागरण, दुसऱ्या दिवशींची भूक, वाढतें वजन, आणि त्यामुळें पुन्हां गळती व पुन्हां जागरण, असें हें रहाटगाडगें आहे. २०१९ ते २०२१ या काळांतील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत १५ ते ४९ वर्षें वयाच्या भारतीय स्त्रियांपैकीं शेंकडा २४ जणींचें वजन प्रमाणाबाहेर आढळलें. शहरांत तें प्रमाण शेंकडा ३३ होतें. तेव्हां हें रहाटगाडगें किती घरांत फिरत असेल याची कल्पना करतां येईल.

उपायाचा आरंभ औषधानें नव्हे, तर एका वहीनें करावा. तीन दिवस, काय व किती प्यालें, केव्हां लघवी झाली, मापाच्या भांड्यांत ती किती भरली, आणि गळती कोणत्या प्रसंगीं झाली, एवढें त्या वहींत टिपावें. रात्रींचें माप आणि पहाटे उठल्यावरचें पहिलें माप मिळून चोवीस तासांच्या एकूण मापाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक भरलें, तर उतारवयांतील स्त्रीनें समजावें कीं, मूत्र रात्रींच अधिक होत आहे. उलट रात्रीं वारंवार उठूनही प्रत्येक वेळीं अगदीं थोडेंच भरत असेल, तर मूत्राशयाची चंचलता किंवा मोडकी झोंप यांचा विचार करावा लागेल. अशी वही घेऊन गेलेल्या स्त्रीला डॉक्टरांपुढें शब्द शोधावे लागत नाहींत, वहीच बोलते.

पाणी तोडणें हा मात्र उपाय नव्हे. तोडलेल्या पाण्यानें मूत्र दाट होतें, तें मूत्राशयाला झोंबतें, घाई वाढते, मलावरोध होतो, आणि कुंथण्याचा ताण पुन्हां त्याच झोळीवर पडतो. पाणी पुरेसें प्यावें, परंतु त्याचा मोठा भाग सकाळपासून तिसऱ्या प्रहरापर्यंत संपवावा. निजण्यापूर्वींच्या दोन-तीन तासांत ताक, सार आणि चहा-कॉफी यांना आवर घालावा. पाय सुजत असतील तर तिसऱ्या प्रहरीं तासभर ते उशीवर उंच ठेवून पडावें, म्हणजे पायांतील पाणी निजण्यापूर्वींच निघून जातें. रक्तदाबासाठीं मूत्रल गोळी चालू असेल तर ती कोणत्या वेळीं घ्यावी हें डॉक्टरांना विचारावें. आपल्या मनानें ती बंद करूं नये.

ओटीच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम लॉस एंजलिस येथील डॉक्टर आर्नल्ड केगेल यांनीं १९४८ सालीं पुढें मांडला, आणि आजही दाबाच्या गळतीवर तो पहिला उपाय मानला जातो. वायु सरूं नये म्हणून जसें आवळून धरावें तसे ते स्नायू आंत आणि वर ओढावेत. कांहीं सेकंद धरावेत. मग तितकाच वेळ सैल सोडावेत. श्वास कोंडूं नये, पोट व मांड्या ताठ करूं नयेत. एका वेळीं निदान आठ आकुंचनें, दिवसांतून तीन वेळां, असा क्रम तीन महिने चालवावा. त्याआधीं निराश होऊं नये. शिंक येणार असें वाटतांच हे स्नायू आवळण्याची संवय लावली तर ती प्रसंगीं फार उपयोगी पडते. पुष्कळ स्त्रिया आंत ओढण्याऐवजीं खालीं दाब देतात. म्हणून एकदां जाणत्या परिचारिकेकडून अथवा फिजिओथेरपिस्टकडून पद्धत पारखून घ्यावी.

वजनाच्या बाबतींत उपासतापासाचा अट्टाहास नको. सत्तर किलो वजनाच्या स्त्रीनें आधीं साडेतीन किलो आणि मग सात किलो उतरविण्याचें ध्येय ठेवावें. दिवसाचे चार कप चहा, प्रत्येकांत दोन चमचे साखर, एवढ्यांतच सुमारें १३० कॅलरी जातात. उपवासाच्या दिवशींची साबुदाण्याची खिचडी आणि दुपारच्या चहाबरोबरचा फरसाण यांचा हिशेब निराळाच. रात्रीचें जेवण लवकर आणि हलकें झालें तर त्याचा लाभ वजनाला आणि झोंपेला दोहोंनाही होतो.

कांहीं लक्षणें मात्र घरीं ठेवून घेण्यासारखीं नव्हेत. लघवींत रक्त दिसणें, लघवी करतांना जळजळ व ताप, पायांत अचानक अशक्तता किंवा बधिरपणा, तहान वाढून पुष्कळ लघवी होणें, आणि बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर अखंड ठिबकत राहणें, यांपैकीं कांहींही असल्यास विलंब न करतां डॉक्टरांकडे जावें. मधुमेहाची तपासणी तर सर्वांनींच करून घ्यावी. कारण रक्तांतील साखर वाढली कीं मूत्रही वाढतें.

शेवटीं, हा विकार स्त्रीचा असला तरी त्याचा बंदोबस्त एकटीनें होणारा नाहीं. रात्रीं साडेदहाला जेवून पहाटे साडेपांचला डब्यासाठीं उठणाऱ्या स्त्रीला अधिक झोंप घेण्याचा उपदेश करणें सोपें आहे. पण ती झोंप तिला मिळते ती घरांतील दुसऱ्या कोणीं ओटा आवरला तरच. संध्याकाळीं फिरावयास जाण्याचा अर्धा तासही कोणाच्या तरी सोयींतूनच निघतो. घोरण्याची गोष्ट थट्टेवारी न नेतां नवऱ्यानें ती डॉक्टरांना सांगितली पाहिजे. बिछान्यापासून न्हाणीघरापर्यंतच्या वाटेवर मंद दिवा असावा, फरशी कोरडी असावी. कारण उतारवयांत रात्रींच्या घाईंत पाय घसरून खुब्याचें हाड मोडलें तर त्याचें मोल फार जड पडतें. आणि आई प्रवासाला नको म्हणूं लागली, तर मुलींनीं कारण एकांतांत विचारावें. तिनें तें पुष्कळ दिवस कोणी विचारण्याचीच वाट पाहत मनांत ठेवलेलें असण्याचा संभव आहे.